गडाच्या वाटेवर श्रमदान आणि अठराच्या आतली मुलं

ऑक्टोबर उजाडला की फोन सुरू होतात. पाऊस सरलेला असतो, गडांच्या वाटा गवतात बुडालेल्या असतात आणि श्रमदानाच्या मोहिमा लागतात. "मुलगी नववीत आहे, पाठवू का?" आमचं उत्तर "हो" असतं, पण त्याच्यापाठोपाठ महिनाभराची तयारी असते. ती तयारी कशी करतो, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे लिहिलं आहे. ज्यांना आपल्या गटात मुलं घ्यायची आहेत, त्यांनी यातलं हवं ते उचलावं.

आधी मुलांना काय द्यायचं नाही ते. वजन, धार आणि उंची. या तीन गोष्टींपासून मुलांना लांब ठेवलं तर वाटेवरची उरलेली बहुतेक कामं त्यांना करता येतात, आणि ती खरी कामं असतात. मुलांना नुसतं प्लास्टिक वेचायला लावून फोटो काढणं आम्हाला पटत नाही. मुलांना ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी ती येत नाहीत.

वय आम्ही इयत्तेवरून धरत नाही, जन्मतारखेवरून धरतो, आणि तेही मोहिमेच्या दिवशी पूर्ण झालेलं. दहावीच्या एकाच वर्गात १४ पूर्ण झालेला मुलगा असतो आणि १६ पूर्ण झालेलाही. शाळेचं ओळखपत्र बघून तारीख लिहून घेतो. आधारच्या झेरॉक्स गोळा करत नाही, कारण त्या नंतर कुणाच्या तरी पिशवीत पडून राहतात. १० च्या आतली मुलं घेत नाही. १० ते १३ ची मुलं फक्त स्वतःच्या आई किंवा वडिलांबरोबर आणि अर्धाच दिवस. १४ आणि १५ ला खुरपं, लहान फावडं, झाडू, अर्धं घमेलं. १६ आणि १७ ला कुदळ, मोठं फावडं, आणि एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली फांद्या छाटायची कात्री व हातकरवत. कोयता, पहार, घण आणि पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र १८ च्या आत कुणालाच नाही.

१४ आणि १८ या रेषा आम्ही मनाने आखलेल्या नाहीत. बालकामगारांबद्दलच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. तेव्हापासून १४ च्या आतलं ते बालक आणि १४ ते १८ मधलं ते किशोर, आणि किशोरांना धोक्याच्या कामांवर ठेवायला मनाई, अशी विभागणी आहे. हा कायदा मजुरीचा आणि नोकरीचा, श्रमदान वेगळं, हे खरं. पण दगड अंगावर येताना मूल पगारी आहे की बिनपगारी हे बघून येत नाही. म्हणून त्या रेषा तशाच घेतल्या. अमेरिकेतले आपले लोक मुलांना तिकडच्या पायवाटांच्या कामाला नेतात, त्यांनाही हे ओळखीचं वाटेल. तिथल्या सरकारी जंगलांत १८ च्या आतल्या स्वयंसेवकाच्या अर्जावर पालकाची सही लागते आणि यांत्रिक करवत १८ नंतरच हातात मिळते.

परवानगीचं काम एक महिना आधी सुरू करतो. पहिला प्रश्न, गड कुणाच्या ताब्यात? जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले बारा किल्लेच घेतले तरी सगळ्यांचं दार एक नाही. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. राजगड, साल्हेर, प्रतापगड आणि खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. त्यात गडाच्या पायथ्यापासून वर जाणारी वाट पुष्कळदा वनखात्याच्या हद्दीतून जाते, म्हणजे पत्रं दोन. हरिश्चंद्रगड आणि वासोटा तर अभयारण्यात आहेत, तिथे नुसत्या प्रवेशालाही वनखात्याचे नियम लागतात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वनखात्याचं पत्र हातात घेऊन थेट दरवाजापर्यंत काम करत जाणं. केंद्राच्या संरक्षित वास्तूला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, आणि "आम्ही तर साफसफाई करत होतो" हा बचाव होत नाही.

अर्जात मोघम "गडस्वच्छता" लिहू नये. तारीख, वाटेचा तुकडा कुठून कुठपर्यंत आणि किती मीटर, कोणती हत्यारं नेणार, मोठे किती आणि १८ च्या आतले किती, हे वेगवेगळं लिहायचं. काय करणार नाही तेही लिहायचं: घडीव दगड हलवणार नाही, खोदणार नाही, सिमेंट लावणार नाही, खडकावर रंगाने बाण काढणार नाही. हे वाचलं की साहेबांच्या मनातली निम्मी शंका जाते. सोबत गावच्या ग्रामपंचायतीला आणि असेल तर संयुक्त वनव्यवस्थापन समितीला एक प्रत द्यायची. गावातला एक माहीतगार माणूस बरोबर घ्यायचा, आणि त्याच्या दिवसाचे पैसे ठरवून द्यायचे. मोहीम रविवारी असेल आणि बुधवारपर्यंत लेखी परवानगी हातात नसेल, तर मुलांचा दिवस रद्द. मोठी माणसं पुढच्या आठवड्यात जातील की नाही ते नंतर बघू.

पालकांचं संमतीपत्र ही दुसरी पायरी, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. सही आई, वडील किंवा कायदेशीर पालकाची. मोठ्या भावाची चालत नाही, क्लासच्या सरांची चालत नाही, व्हॉट्सअॅपवरचा अंगठा तर नाहीच. पत्रात मूल काय काम करणार ते नेमकं लिहिलेलं असतं: "खुरप्याने चर साफ करणे, अर्धं घमेलं माती वाहणे, छाटलेल्या फांद्या गोळा करणे." त्याखाली रक्तगट, दमा, फिट येणं, मधमाशीच्या डंखाची अॅलर्जी, चालू औषधं, आणि धनुर्वाताची लस. राष्ट्रीय लसीकरणात १० आणि १६ व्या वर्षी टीडीचा डोस आहे, पण १६ चा डोस पुष्कळ घरांत राहून गेलेला असतो. हा रकाना भरताना तो पालकांच्या लक्षात येतो, आणि मोहिमेआधी डोस घ्यायला वेळ असतो. दम्याचा पंप मुलाच्या स्वतःच्या खिशात हवा, गटप्रमुखाच्या बॅगेत नको. आमच्याकडून आम्ही पोटात घ्यायची कोणतीही गोळी देत नाही.

पूर्वी अशा पत्रांत शेवटी एक ओळ असायची: "काही अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत." ती आम्ही काढून टाकली. अशा ओळीने निष्काळजीपणाची जबाबदारी सुटत नाही, आणि ती वाचून गटातली माणसं मात्र सैल होतात. तिच्या जागी आता जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव, तिथे पोचायला लागणारा वेळ आणि गटप्रमुखाचा नंबर असतो. फोटोंची संमती वेगळी, वेगळ्या सहीने. मोहिमेला हो म्हणणाऱ्या पालकाला लेकीचा फोटो फेसबुकवर नको असू शकतो. पत्राची एक प्रत गडावर जाते, दुसरी पायथ्याला थांबणाऱ्या माणसाकडे राहते.

आठवडाभर आधी दोन-तीन मोठी माणसं वाट बघून येतात. टेपने तुकडे मोजून झाडाच्या फांदीला रंगीत फीत बांधायची, काम संपल्यावर ती सोडून आणायची. मुलांचा तुकडा निवडताना वर मोकळा घसारा नाही, खालच्या बाजूला कडा नाही आणि वरच्या वळणावर दुसरा गट काम करत नाही, एवढं बघायचं. कातळाच्या कपारीत आग्या मोहोळ आहे का ते दुर्बिणीने बघायचं. मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा लिहून ठेवायची. मुलींसाठी आडोशाची जागा कुठली, हेही याच फेरीत ठरतं. त्या दिवशी शोधत बसलं की मुली पाणीच पीत नाहीत, आणि बारा वाजता चक्कर येते. गडावरच्या पाण्याच्या टाक्यांची सफाई १८ च्या आतल्यांना देत नाही. गाळात पाय किती जाईल ते वरून कळत नाही, आणि खांबटाक्याच्या, म्हणजे कातळात आत खांब सोडून खोदलेल्या टाक्याच्या, आतल्या बाजूला हवा कोंडलेली असू शकते.

रुग्णालयाला फोनही याच आठवड्यात. "सर्पदंशाची लस आहे का?" एवढं सरळ विचारायचं. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, पण ती त्या दिवशी तिथे असायला हवी. फुरसं दगडांच्या सांदीत बसतं, त्यामुळे मुलांना पहिला नियम हाच: दगड हाताने उचलायचा नाही, आधी खुरप्याने किंवा काठीने आपल्या बाजूला कलवायचा, म्हणजे उघडलेली बाजू आपल्यापासून लांब राहते. विंचवालाही हेच लागू. चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं काढायचं, अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, चालू द्यायचं नाही, उचलून खाली आणायचं आणि १०८ ला फोन करायचा.

हत्यारं आदल्या संध्याकाळी तपासतो. इथे एक जुनी खोड मोडावी लागते. कुदळीचं पातं दांड्यावर सैल असेल तर दांडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची सवय सगळ्यांना असते. सकाळी लाकूड फुगून पातं घट्ट बसतं. अकराच्या उन्हात तेच लाकूड सुकतं आणि पातं पुन्हा हलायला लागतं, आणि तोवर ती कुदळ सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात असते. लाकडी पाचर ठोकूनच घट्ट करायचं, आणि उलटं धरून जमिनीवर दहा वेळा आपटून बघायचं. हातमोजे मुलांच्या मापाचे आणायचे. मोठ्यांचे मोजे घातले की बोटांच्या टोकाला रिकामं कापड राहतं, मूठ पक्की बसत नाही आणि दांडा हातात फिरतो. घमेल्यांना आतून अर्ध्या उंचीवर तैलरंगाची रेघ मारली आहे. ओला मुरूम तिथवरच. रेघ नसताना मुलं एकमेकांशी चढाओढ करतात आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतात.

सकाळी पायथ्याला हजेरी. पाच मुलांमागे एक मोठा माणूस, आणि कुठल्याही मुलाबरोबर एकटा एकच मोठा माणूस कधीही नाही. हा नियम मोडायला कुठलंही कारण चालत नाही, अगदी "त्याला पाणी आणायला खाली सोडून येतो" हेही. मुली असतील तर गटात किमान दोन बायका हव्यात. कुणी मूल काही सांगू लागलं, किंवा काही वावगं दिसलं, तर गटात मिटवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवायचं बंधन आहे, आणि हे गटातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मोहिमेआधी तोंडी सांगितलेलं असतं. मुलांना टेम्पोच्या हौद्यातून नेत नाही.

मग वीस मिनिटं शिकवणी. हत्यार नेताना दरीच्या बाजूच्या हातात, पातं खाली. खांद्यावर कुदळ टाकायची नाही, मागच्याच्या तोंडाला लागते. काम करताना दोघांत तीन मीटर. हे डोळ्यांनी कळत नाही म्हणून तीन मीटरचा दोर धरून उभं करून दाखवतो. आणि एक शब्द: "थांब!" बारा वर्षांच्या पोराने ओरडला तरी सगळ्यांचे हात थांबले पाहिजेत. तीन वेळा सराव करतो. तिसऱ्या वेळी मोठ्यांपैकीच कुणीतरी एक घाव घालायचा राहिलेला असतो, तो घालतो, आणि मुलं त्याच्याकडे बघतात. मग सराव चौथ्यांदा.

मुलांना जे काम सगळ्यात चांगलं जमतं ते पाण्याचं. सह्याद्रीतली वाट माणसांच्या पायांनी झिजते त्याहून जास्त पाण्याने खचते. जुलैत पाऊस वाटेवर चढला की वाटच ओढा होते, मुरूम वाहून जातो, खाली गोटे उघडे पडतात, माणसं बाजूने चालतात आणि वाट रुंदावत जाते. त्यावर उपाय म्हणजे वाटेला तिरका आडवा चर. चालायच्या दिशेला काटकोनात काढला तर पाणी त्यात थबकतं, गाळ टाकतं आणि दोन पावसांत चर भरून सपाट. वाटेच्या रेषेशी साधारण ४५ अंशांत तिरका घेतला तर पाणी वेगाने बाहेर पडतं आणि चर स्वतःच साफ राहतो. खोली एक वीत, तळ गोलसर, निघालेली माती खालच्या काठावर थापून बांध, आणि बाहेरचं तोंड फावड्याच्या दीडपट रुंद. तोंड अरुंद ठेवलं की पहिल्या पानगळीत बुजतं.

उतार बघायला पाण्याची बाटली अर्धी भरून चराच्या तळात आडवी ठेवायची. आतलं पाणी ज्या टोकाला चढतं, ते टोक खाली. चौदा वर्षांची दोन मुलं बाटली सरकवत सरकवत अख्खा चर तपासतात. मध्येच पाणी उलट्या टोकाला गेलं की तिथे खुरप्याने खरवडतात आणि पुन्हा बाटली ठेवतात. यात वजन नाही, धार नाही, उंची नाही, आणि एवढ्या चिकाटीने हे काम मोठ्यांकडून होत नाही. प्रत्येक चराला नंबर देऊन वहीत लिहायचं कामही मुलांकडेच. एक मात्र लक्षात ठेवायचं: हे चर वाटेच्या मातीतच, आणि परवानगीच्या पत्रात लिहिलेल्या तुकड्यातच. दरवाजा, तटबंदी, पायऱ्या यांच्याजवळ कुदळ न्यायचीच नाही.

कारवी आणि घाणेरी मोठी माणसं तोडतात, मुलं फांद्या ओढून बाजूला रचतात. तोडणाऱ्यांना सांगावं लागतं की घाव तिरका घालू नका. तिरका कापलेला कारवीचा खुंट भाल्यासारखा टोकदार राहतो, आणि मागून फांद्या ओढणारं मूल घसरलं तर नेमकं त्याच्यावर पडतं. जमिनीलगत आणि सपाट कापायचं, हवं तर करवतीने. गवत जाळायचं नाही, कुणी गावकऱ्याने सुचवलं तरी नाही. खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या दिसल्या की तो तुकडा मुलांकडून काढून घ्यायचा. अंगाला लागलीच तर चोळू द्यायचं नाही, चिकटपट्टीने कुसं उचलायची, मग पाण्याने धुवायचं.

मधमाश्या उठतात त्या धुराने, अत्तराने, कातळावर आदळलेल्या दगडाने, आणि कधी मोहोळघारीने पोळ्यावर झडप घातली म्हणूनही. शेवटचं कारण आपल्या हातात नाही, म्हणून पळायची वाट आधी दाखवून ठेवायची: तोंड झाकून, हात न झटकता, आल्या वाटेने मागे.

पंचेचाळीस मिनिटं काम, पंधरा मिनिटं सावलीत. माणशी तीन लिटर पाणी, आणि गटाबरोबर क्षारसंजीवनीची पाकिटं. एक पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलेलं दर वेळी सापडतं, त्याने तहान आणखी वाढते. एका दिवसात मुलांचं प्रत्यक्ष काम चार तासांच्या वर नेत नाही. दुपारी दोनला हत्यारं खाली ठेवायची. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उतरताना पाय थकलेले असतात. पावसाळ्यात मुलांची मोहीम घेतच नाही. शेवाळ, दरड आणि ओढे यांच्यापुढे कुठलाही नियम पुरत नाही.

नियम मोडतात ते बहुतेक वेळा मुलांच्या हातून नाही. वडील सोबत येतात, कौतुकाने स्वतःचा कोयता लेकाच्या हातात देतात, "आमच्या शेतात हा चालवतो" म्हणतात. चालवत असेल. पण शेतात पायाखाली सपाट जमीन असते आणि शेजारी दुसऱ्याचं मूल नसतं. असा कोयता आम्ही काढून घेतो, आणि तसं करू हे संमतीपत्रातच लिहिलेलं असतं, त्यामुळे तिथे वाद होत नाही.

माती उकरताना काही सापडलं, खापर, नाणं, गोळा, तर ते मुलाने उचलायचं नाही. फोटो काढायचा, जागा फितीने दाखवायची आणि काम दोन मीटर सरकवायचं. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पुरातत्त्व खात्यालाही त्याच दिवशी कळवतो. नाणं जिथे पडलं आहे ती जागाही अभ्यासकाला काही सांगते, हे मुलांना समजावलं तर ती इतकी सांभाळून वागतात की मोठ्यांना ओरडतात.

खाली आल्यावर आधी मुलांची हजेरी, मग हत्यारांची मोजणी. मूल ज्याच्या सहीने आलं त्याच्याच ताब्यात जातं, दुसरं कुणी न्यायला येणार असेल तर सकाळीच लिहून घेतलेलं असतं. प्रमाणपत्रावर प्रत्यक्ष कामाचेच तास. एनएसएसच्या मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात आणि प्रवासाचे सहा तास धरा म्हणून गळ घालतात. धरत नाही. खरचटणं, डंख, चक्कर, काहीही झालं असेल तर त्याच संध्याकाळी पालकांना फोन आणि वहीत नोंद. किरकोळ वाटणाऱ्या नोंदींतूनच घमेल्यातली ती रेघ आली.

जूनच्या अखेरीस, चांगला पाऊस होऊन गेला की मोठी दोन-तीन माणसं छत्री घेऊन पुन्हा तीच वाट चढतात. वहीतल्या नंबरांप्रमाणे एकेक चर बघतात आणि व्हिडिओ घेतात: नऊमधून पाणी धो धो बाहेर पडतंय, अकराचं तोंड बुजलंय, चौदाचा बांध फुटलाय. तो व्हिडिओ त्या त्या चरावर काम केलेल्या मुलांच्या घरी जातो. ऑक्टोबरात फोन येतो तो मग पालकांचा नसतो, मुलाचा असतो, आणि तो विचारतो की चौदा नंबर पुन्हा आम्हालाच मिळेल ना.